पुन्हा एकदा निघा

ब्लेकस्टाड साहेबांनी कात्री टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यातला खरा निरोप कोणता?"

मी म्हटलं, "एकही नाही."

त्यांना ती थट्टा वाटली. राजधानीतल्या, क्रिस्तियानियातल्या त्यांच्या त्या खोलीत फिल्मच्या पट्ट्या धुणं वाळत घालावं तशा दोरीवर लोंबत होत्या. टेबलाच्या काचेखाली दिवा जळत होता, आणि काचेवर तीच माणसं पुन्हा पुन्हा निघत होती. तीन माणसं, दोन स्लेज गाड्या, कुत्र्यांची रांग, एक झेंडा. कॅप्टन हेल्लेसेन टोपी उंचावतात, सुतार टोर्गर हात हलवतो, कुत्री हाकणारा इव्हर चाबूक उचलतो, आणि सगळी वरात पांढऱ्या टेकाडामागे नाहीशी होते. बघणाऱ्याने डोळे पुसावेत असंच ते होतं. टेकाडामागे गेल्यावर ते थांबायचे, पाईप पेटवायचे, माझा उद्धार करायचे, आणि मी हाक मारली की परत यायचे, हे तेवढं मला ठाऊक.

एकदा ते खरंच गेले. त्या दिवशी कॅमेरा पेटीत होता.

साहेबांच्या कंपनीने मला कॅप्टनबरोबर उत्तरेला धाडलं होतं, ध्रुवावर जाणाऱ्या माणसांची फिल्म आणायला. ध्रुवावर कोणी पोचलं नाही, गेलेली माणसं परत आली नाहीत, फिल्म तेवढी आली. साहेबांचं म्हणणं साधं होतं: एक छानसा निरोप ठेवू, बाकीचे टाकून देऊ. कंपनीपुरता प्रश्न मिटला होता. माझा मिटला नव्हता, कारण मी रॅग्नाला शब्द देऊन बसलो होतो.

रॅग्ना ही इव्हरची बायको. आमचं जहाज आमच्या गावी, त्रोम्सोला परत लागलं तेव्हा धक्क्यावर ती उभी होती, मासळी खारवता खारवता तशीच आलेली, कोपरापर्यंत मिठाने पांढरी. आदल्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा मात्र ती आली नव्हती. सगळ्या गावाने रुमाल हलवले, ती बहिणीकडे दुसऱ्या बेटावर जाऊन बसली. भांडण झालं होतं. सील प्राण्यांच्या शिकारीची ती शेवटची फेरी, आता घरी राहीन, असं इव्हरने तिला सांगितलं होतं, आणि महिना उलटायच्या आत कॅप्टनना हो म्हणून आला होता. जायचं तर जा, मी काही हात हलवायला येणार नाही, असं ती म्हणाली आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. त्या दिवशी इव्हर शिडीवर पाय ठेवेपर्यंत गर्दीकडे बघत होता. मग बघायचा थांबला.

मी तिला जे सांगायचं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि हात पुसत होती, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होती. शेवटी म्हणाली, "तो निघाला तेव्हा मी नव्हते. तुझ्या पेटीत त्याचं निघणं आहे ना? मला तेवढं दाखव. बाकी ध्रुव वगैरे काही नको."

आणि मी हो म्हणालो. माणूस अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

आता ते निघणं एवढं कसं बिघडलं ते सांगतो.

कॅप्टन हेल्लेसेन वाईट माणूस नव्हते. बर्फ त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता. पण त्यांच्या मनात एक काटा होता. पूर्वी एकदा ते उत्तरेला फार दूरवर जाऊन आले होते, आणि कुणा प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लिहिलं की कॅप्टनचे आकडे पटत नाहीत. तेव्हापासून त्यांचा कागदावरचा विश्वास उडाला. मला जहाजावर घेताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "सिग्वर्ट, आकड्यांना लोक खोटं म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेल्याला कोण म्हणेल?" तेव्हा मला ते फार उदात्त वाटलं होतं. पुढे ते वाक्य कानावर पडलं की मला दात ओठ खावेसे वाटायचे.

उत्तरेकडच्या शेवटच्या बेटावर आम्ही झोपडी बांधली, लांब रात्र काढली, आणि सूर्य परत क्षितिजावर नाक काढू लागला तसे निघायचे दिवस आले. वाट गोठलेल्या समुद्रावरून होती. थंडी कडक आहे तोवर जायचं, आणि बर्फ सैल व्हायच्या आत परत यायचं. हे आमच्याकडे सील मारणाऱ्यांच्या घरातली पोरंही जाणतात. गाड्या भरल्या, कुत्री जुंपली, मी कॅमेरा तिवईवर चढवला. आठवडाभर आधी यंत्रातलं सगळं तेल पुसून काढलं होतं, कारण त्या थंडीत तेलाचा डिंक होतो. काचेसमोर श्वास सोडायची चोरी, उघड्या बोटाने धातूला हात लावायची चोरी. एवढं सगळं सांभाळून मी हँडल फिरवायला लागलो आणि ओरडलो, "निघा."

कुणी निघेना.

तिघं रांगेत उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर, पापणी न लववता. टोर्गरने तर एक हात गाडीवर असा ठेवला जशी ती त्याची नवरी आहे. त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला होता तो लग्नातला, जत्रेतला. काळं फडकं पांघरून माणूस म्हणतो, हलू नका, आणि हललं तर तोंडाचा धूर होतो. मी ओरडतोय, अरे चाला. टोर्गर ओठ न हलवता म्हणतोय, आधी तू काढून घे, मग चालतो. मी सांगतोय की हा तो फोटो नव्हे. कॅप्टनसुद्धा, ज्यांनी शहरात चांगली तिकिटं काढून चित्रपट पाहिले होते, तेही दगडासारखे उभे. आजही ती पट्टी लावली तर पडद्यावर झेंडा हलतो, कुत्र्यांच्या शेपट्या हलतात, माणसं म्हणजे देवळातले खांब.

त्याच वेळी निघून गेले असते तर काय बिघडलं असतं? माझी फिल्म बिघडली असती, एवढंच. मी तसं म्हणालोही. पण कॅप्टननी मान हलवली. उद्या पुन्हा करू.

दुसऱ्या दिवशी ते चालले. फार सुंदर चालले. कड्कन आवाज झाला आणि पेटीत फिल्म तुटली. थंडीने ती वाळक्या पानासारखी झाली होती. मी पेटीवर डोकं टेकून उभा राहिलो. टेकाडामागून पाईपचा धूर वर येत होता.

मग धुकं. मग वारा. मग पुन्हा एक ऊन पडलेली सकाळ, आणि त्या सकाळी सगळं जुळून आलं असं आम्हाला वाटलं. पण कॅप्टन म्हणाले, धुऊन बघ. आता फिल्म धुवायची म्हणजे पाणी हवं, पाणी हवं म्हणजे बर्फ वितळवायचा, आणि बर्फ वितळवायचा म्हणजे म्हाताऱ्या मिकालच्या चुलीपाशी जाऊन उभं राहायचं. मिकाल आमचा आचारी. मटारच्या सूपासाठी ठेवलेलं पातेलं मी उचललं की तो पळीने माझ्या मनगटावर मारायचा.

"काय पिणार आज सगळे? कॅप्टनचं चित्र?"

"बाबा, त्यांनीच सांगितलंय."

"मग त्यांच्याच वाडग्यात वाढ."

भांडून, मिनतवाऱ्या करून, दोन दिवस निम्म्या सूपावर सगळ्यांना ठेवून मी ती फिल्म धुतली. कॅप्टननी ती दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, माझा चेहरा टोपीच्या सावलीत आहे. हा मीच आहे हे कशावरून?

मी त्यांना बाहेर घेऊन गेलो. सांगितलं की साहेब, तुम्ही निघा. थंडी सरत चालली आहे, दुपारी छपराला ठिबक लागली आहे. मी ही झोपडी, हे टेकाड, तुमचा चेहरा, सगळं वेगवेगळं घेऊन नंतर जोडून देईन, कुणाला कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो.

"जोडून? मग ते खरं कसं?"

 ज्या माणसाने आठवडाभरात अनेकदा खोटं खोटं निघून दाखवलं होतं, त्याला जोडलेलं चालत नव्हतं.

या सगळ्यात सर्वांत जास्त हाल इव्हरचे. कॅप्टननी टोपी उंचावायची, टोर्गरने हात हलवायचा, पण प्रत्येक वेळी गाड्या भरायच्या इव्हरने, कारण रिकामी गाडी बर्फावर उडते आणि ती रिकामी आहे हे दिसतं. प्रत्येक वेळी कुत्री जुंपायची इव्हरने. आणि कुत्र्यांना कुणी काय सांगणार? ती प्रत्येक वेळी खरंच निघायची. कान ताठ, अंगात वारा, गळ्यात आरोळी, की चला, आता दूर जायचं. आणि टेकाडामागे गेल्यावर थांब, परत फीर. पहिल्यांदा ती चक्रावली. मग रुसली. पुढे इव्हर पट्टे घेऊन आला की ती आपापल्या खळग्यात जाऊन शेपटीत तोंड खुपसायची. इव्हर त्यांच्याशी मांडी घालून बोलत बसायचा, लेकरांची समजूत काढावी तसा. मला तो आवाज ऐकू यायचा. आजचा दिवस रे, फक्त आजचा दिवस.

सावली न पडणारी टोपी मिकालने शिवून दिली आणि पुन्हा एकदा निघायचं ठरलं. ऊन होतं. मी हँडल फिरवलं. कॅप्टन निघाले, टोर्गर निघाला, आणि पुढच्या गाडीचा म्होरक्या कुत्रा, ज्याला आम्ही बिशप म्हणायचो, तो बसला. नुसता बसला नाही, आडवा झाला. त्याच्यामागे सगळी रांग बसली. इव्हरने चाबूक हवेत वाजवला. बिशपने डोळे मिटून घेतले.

मी फिरवत होतो. हाताला सवय असते; समोर काही होत असलं की हात थांबत नाही.

इव्हरने चाबूक टाकला. हातमोजे काढून बर्फावर आपटले. आणि तो सरळ माझ्याकडे चालत आला, पावलागणिक बर्फ उडवत, चौकटीत मोठा मोठा होत, इतका की शेवटी नुसतं तोंड, दाढीतलं दहिवर आणि ते निळे डोळे. तो ओरडला नाही. घरात जेवताना बोलावं तसा बोलला.

"बास कर सिग्वर्ट. जिचा निरोप घ्यायला हवा होता तिचा मी घेतला नाही, तोंड फिरवून आलो. आणि इथे तुझ्या या खोक्याचा रोज उठून निरोप घेतोय. मला जाऊ दे रे. गेल्याशिवाय परत कसा जाऊ? ती तिकडे अजून रागावलीय."

मग तो वळला, मोजे उचलले, बिशपपाशी गेला, त्याला दोन्ही हातांनी उठवून उभं केलं, आणि ती सगळी वरात, माणसांहून जास्त वैतागलेली कुत्री पुढे घालून, टेकाडामागे गेली.

कॅप्टन परत आले ते म्हणाले, मध्ये हा काय तमाशा. पुन्हा घ्यावं लागेल.

पुढचं मी घेतलं तेच ब्लेकस्टाड साहेबांना आवडलेलं. तोवर इव्हर भांडायचा कंटाळला होता. मी त्याला म्हटलं, हे गावात दाखवतील, रॅग्ना बघेल, जरा हस. तो बरं म्हणाला. टोपी काढली, दात दाखवले, सर्कशीतल्या माणसासारखा वाकला, हात हलवला. कुत्र्यांना भाजलेल्या मासळीचा वास दाखवून टेकाडापर्यंत नेलं. ऊन कॅप्टनच्या चेहऱ्यावर सरळ पडत होतं. फिल्म तुटली नाही. कॅप्टननी ती दिव्यासमोर धरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, म्हणाले. आता निघालोच.

पण आता हवाच निघू देईना. ऊन ज्या सकाळी होतं त्या सकाळी आम्ही चित्रं काढली होती. आता जायचं म्हटलं तर वादळ. शेवटी ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी बर्फाची भुकटी कमरेइतक्या उंचीने वाहत होती, आणि झेंडा गुंडाळून गाडीत ठेवला होता. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅप्टन म्हणाले, राहू दे, आपल्याकडे आहे ते. कुणी टोपी उंचावली नाही. टोर्गरने हातसुद्धा हलवला नाही, दोन्ही हात कानांवर होते. इव्हर जाता जाता माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "आता हाक मारू नकोस." मग दहा पावलांवर काही दिसेना. कुत्र्यांचा आवाज बराच वेळ येत होता, वाऱ्याने कधी जवळ आणला, कधी दूर नेला.

मी आणि मिकाल थांबलो. छपरावरून पाणी गळू लागलं, मग किनाऱ्याचा बर्फ फाटू लागला, मग समोर काळं पाणी आलं, आणि पाण्यावर पक्षी आले. मिकाल रोज पाच माणसांची कॉफी टाकायचा आणि तिघांची ओतून द्यायचा. मी त्याला एकदा म्हटलं की कमी टाक. तो म्हणाला, तू तुझं हँडल फिरव. एके दिवशी बिशप आणि आणखी एक कुत्रं तरंगत्या तुकड्यांवरून उड्या मारत आले. गळ्यात पट्ट्यांचे तुकडे होते, सुरीने कापलेले. कुणीतरी त्यांना मोकळं केलं होतं. जहाज आलं, महिनाभर शोध झाला, आणखी काही सापडलं नाही.

तर अशी ती फिल्म. ब्लेकस्टाड साहेबांनी हसरा निरोप निवडला आणि इव्हर कॅमेऱ्यावर चालून येतो ती पट्टी दोन बोटांत धरून टोपलीत टाकली.

मी म्हटलं, ती राहू द्या.

ते म्हणाले, "अहो, बायका रडायला येणार, आणि हा माणूस वसुलीला आल्यासारखा अंगावर येतोय. शूर माणसं निघताना अशी दिसतात का?"

"हा निघताना असाच दिसत होता."

"पण तुम्हीच म्हणता की तेव्हा तो निघाला नव्हता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना समजवायला लागलो की निघाला नव्हता हे खरं, पण हसरा होता तेव्हाही निघाला नव्हता, आणि खरंच निघाला तेव्हा मी घेतलंच नाही, म्हणून यातल्या यात... मला माझंच बोलणं कॅप्टनसारखं वाटू लागलं. मी टोपलीत हात घातला, पट्टी काढली, गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली. साहेब म्हणाले, कचरा आहे तो. मी म्हटलं, मग तुम्हाला त्याचं काय.

त्रोम्सोला आमच्याकडे तेव्हा चित्रपट दाखवायचे ते दोरखंडाच्या जुन्या गोदामात. डांबराचा वास अजून भिंतीत होता. बाकं मांडलेली, समोर चादरी जोडून केलेला पडदा. संध्याकाळी सगळं गाव येणार होतं, पाद्री भाषण करणार होते, कॅप्टनच्या थोरल्या भावाला पुढची खुर्ची होती. मी रॅग्नाला दुपारीच बोलावलं. ती धुतलेला एप्रन घालून आली आणि सगळी बाकं मोकळी असताना मागच्या बाकावर, माझ्या यंत्राशेजारी बसली. हात मांडीवर, एकावर एक.

आधी मी कंपनीने पाठवलेलं लावलं. ऊन, झेंडा, कॅप्टनचा चेहरा. इव्हर टोपी काढून वाकला, हसला, हात हलवला. टेकाडामागे गेला.

 रॅग्ना म्हणाली, "हा कोण?"

"रॅग्ना, हा इव्हर."

"चेहरा त्याचा आहे. दात कुणी दाखवायला लावले? पुढचा तुटलेला म्हणून तो लग्नात हसला नव्हता."

मी सांगितलं की मीच सांगितलं होतं. तिने एक सुस्कारा सोडला, तो गावातल्या सगळ्या बायका पुरुषांबद्दल सोडतात तसला. आणि विचारलं, हे खरं जाणं आहे का?

मी सगळं सांगितलं. खांबासारखे उभे राहिले ते, फिल्म तुटली ते, सूप, टोपी, मासळीचा वास. भुकटी उडत होती ते आणि कॅमेरा पेटीत होता तेही. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा घट्ट घट्ट होत गेला. मला वाटलं, आता ही उठून जाणार. तिने एवढंच म्हटलं, "म्हणजे तू मला हो म्हणालास तेव्हा तुझ्याकडे काही नव्हतं."

"एक आहे. तेही खोटंच आहे. कंपनीने टाकलेलं."

"लाव."

मी खिशातली पट्टी लावली. दिवा पेटवला, हँडल फिरवलं. बिशप आडवा झाला. रॅग्नाच्या तोंडून हं असा आवाज आला. चाबूक पडला, मोजे आपटले, आणि इव्हर चालत आला, चादरींच्या शिवणीवरून, मोठा मोठा होत. तोंड हलू लागलं.

मी सांगायला लागलो, "तो म्हणतोय की..."

"गप्प बस. अठरा वर्षं त्या तोंडाशी भांडलेय मी. मला कळतं."

तो वळला, गेला. संपलं. ती म्हणाली, पुन्हा. मी गुंडाळून पुन्हा लावलं. परत म्हणाली, पुन्हा. यंत्र तापलं होतं. मी तिला म्हटलं की जरा थांबू या. तिने ऐकलंच नाही. ती उठून उभी राहिली होती.

या वेळी तो चालत आला आणि बोलू लागला तसा मी हात सावकाश केला. तसं करायचं नसतं. फिल्म दिव्यासमोर रेंगाळली की पेटते, आणि पेटली की गोदामच काय, गल्ली जाते. पण मी सावकाश फिरवत राहिलो, आणि इव्हर सावकाश बोलू लागला, एकेक शब्द तोंडात धरून, जसा घाई नसलेला माणूस बोलतो. पापण्या सावकाश मिटल्या, उघडल्या. दाढीतलं दहिवर चमकत राहिलं. जळकट वास यायला लागला होता.

रॅग्ना त्याच्याशी बोलत होती. मोठ्याने नाही.

"हातात मोजे घाल आधी," ती म्हणाली. "रागावलेय म्हणे. रागावणार नाही तर काय ओवाळू तुला? मी बहिणीकडे नव्हते गेले. गेले होते, पण बोट परत फिरवायला लावली अर्ध्यातून. धक्क्यावर पोचले तेव्हा तुमच्या जहाजाचा धूर दिसत होता. कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते. आलास की आणखी वर्षभर तसंच ठेवणार होते तुला."

हँडल माझ्या मुठीत जड झालं होतं. चौकटीच्या कडेला तपकिरी डाग धरू लागला. मी तिला म्हणालो, "रॅग्ना, आता फार वेळ धरता येणार नाही."

ती पडद्याकडेच बघत होती. एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग उजवा हात वर केला, खांद्यापर्यंतच, आणि दोनदा हलवला.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली.

मी हात नेहमीच्या वेगावर आणला. इव्हर वळला, वाकून मोजे उचलले, कुत्र्याला उभं केलं, आणि टेकाडाकडे चालू लागला. या वेळी ती "पुन्हा" म्हणाली नाही.